अर्जदार कोण?

‘मुलाला एच-वन मिळाला’ हे वाक्य पुण्या-मुंबईत, आणि आता नाशिक-कोल्हापुरातही, गेली तीसेक वर्षे कानावर पडते आहे. पेढे वाटण्याइतके ते घरगुती झाले आहे. पण कायद्याच्या नजरेने पाहिले तर या वाक्यातला कर्ता चुकलेला आहे. एच-वन-बीसाठी अर्ज करणारा मुलगा नसतो, अर्ज करते ती कंपनी. ‘आय-१२९’ नावाच्या त्या अर्जावर अर्जदार म्हणून मालकाचे नाव असते, सही मालकाची असते आणि मंजुरीची सूचनाही मालकाच्या नावे निघते. अर्ज नामंजूर झाला तर अपील करण्याचा अधिकारही सर्वसाधारणपणे मालकाचाच. ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न असतो त्याला त्या कागदात ‘लाभार्थी’ म्हटलेले असते. हा शब्द आपल्याला रेशन कार्डावरून आणि घरकुल योजनेतून चांगला ओळखीचा आहे.

पासपोर्टवर शिक्का मिळवण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलगा स्वतः उभा राहतो, हे खरे. पण ती शेवटची पायरी. त्याआधीचा सगळा जिना मालकाने चढायचा असतो. मालकाला हे स्थान कायद्याने का दिले, त्याच्या बदल्यात त्याच्याकडून काय कबूल करून घेतले, आणि या व्यवहारात काम करणारा माणूस नेमका कुठे उभा राहतो, हे तीन प्रश्न या लेखाचे आहेत. एच-वन-बी धारकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेले असतात. त्यांत मराठी घरे किती याची मोजदाद नसली, तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात असे एखादे घर असतेच.

करार हाच गुन्हा

१८८३ च्या जून महिन्यात आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता. तशी पद्धतच तेव्हा नव्हती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी नेले ते स्नेहापोटी. त्याच न्यू जर्सीत आज हजारो मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे तिथले वास्तव्य एखाद्या कंपनीच्या कागदावर टिकून आहे.

म्हणून तेव्हाची अमेरिका सर्वांना मोकळी होती, असे मात्र समजू नये. आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता. आणि आनंदीबाई फिलाडेल्फियात वैद्यकाचा अभ्यास करत असताना, फेब्रुवारी १८८५ मध्ये, आणखी एक कायदा झाला. आजच्या व्यवस्थेच्या अगदी उलटा म्हणावा असा तो होता. परदेशातल्या माणसाशी आधी करार करून, त्याच्या प्रवासाचा खर्च भरून त्याला अमेरिकेत कामाला आणणे, हाच या कायद्याने गुन्हा ठरवला. दर माणसामागे मालकाला एक हजार डॉलर दंड.

याची पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. यादवी युद्धाच्या काळात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १८६४ मध्ये लिंकन यांच्या सरकारने नेमका असा करार करायला परवानगी दिली होती. येणाऱ्या मजुराने प्रवासखर्चापोटी बारा महिन्यांपर्यंतची मजुरी गहाण ठेवावी, अशी त्यात सोय होती. चारच वर्षांत तो कायदा रद्द झाला. करारावर माणसे आणण्याची चाल मात्र थांबली नाही. खाणी आणि कारखान्यांचे मालक पूर्व व दक्षिण युरोपातून स्वस्त मजूर आणतात आणि त्यांच्या जोरावर संप मोडतात, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. ‘नाइट्स ऑफ लेबर’ या तेव्हाच्या बलाढ्य संघटनेने त्यासाठी जोर लावला आणि १८८५ चा कायदा करवून घेतला. त्यात काही अपवाद होते. नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर यांना सूट होती, आणि एखाद्या नव्या उद्योगासाठी लागणारा कुशल कारागीर देशात मिळतच नसेल तर त्यालाही. ‘इथे मिळत नसेल तर’ हे चार शब्द लक्षात ठेवावेत. पुढची सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे.

या कायद्याने प्रवाशाची मोठी चमत्कारिक पंचाईत केली. १८९२ मध्ये एलिस बेटावरचे तपासणी केंद्र सुरू झाले. तिथल्या अधिकाऱ्यापुढे ‘माझी नोकरी ठरलेली आहे’ असे सांगावे, तर करारी मजूर म्हणून परत पाठवणी. ‘माझ्याकडे काही नाही’ म्हणावे, तर सरकारवर भार होईल म्हणून परत पाठवणी. दोन्हींच्या मधला रस्ता काढायचा. अंगात ताकद आहे, हातात कला आहे, थोडे पैसे आहेत, पण काम मात्र अजून ठरलेले नाही! आज त्याच देशात काम ठरल्याशिवाय या वाटेने पाऊल ठेवता येत नाही.

कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खाणमजूर होता, पण पहिला गाजलेला खटला उभा राहिला तो एका चर्चवर. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून एक धर्मोपदेशक कराराने आणला, म्हणून चर्चला दंड झाला. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चची सुटका केली. कायद्याच्या अक्षरात हे प्रकरण बसत असले, तरी कायद्याचा हेतू हातमजुरीपुरता होता, असे न्यायालय म्हणाले. डोक्याने काम करणारा आणि हाताने काम करणारा असा भेद न्यायालयाने कायद्यात वाचला, आणि पुढे तोच भेद व्हिसाच्या वेगवेगळ्या श्रेणींच्या रूपाने पक्का झाला.

मालक आत आला

भारतीयांसाठी मधला काळ बंद दाराचा होता. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा निषिद्ध ठरवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही, असा निवाडा दिला. १९४६ मध्ये दार किलकिले झाले. वर्षाला शंभर भारतीय, इतकेच.

मालकाला अर्जदार करण्याची कल्पना याच सुमारास मूळ धरत होती. १९४२ ते १९६४ या काळात चाललेल्या ‘ब्रासेरो’ योजनेत मेक्सिकोतून शेतमजूर करारावर आणले गेले. असे सुमारे ४६ लाख करार झाले. मजूर ज्याच्या करारावर आला त्याच्याकडेच राबायचा. मजुरी, निवारा आणि परतीचा प्रवास यांची लेखी हमी करारात होती, पण ती मोडणाऱ्या शेतमालकाविरुद्ध बोलणारा मजूर परत पाठवला जाण्याची भीती बाळगूनच बोलायचा. हमी कागदावर आणि भीती मनात, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

१९५२ च्या कायद्याने करारावरची जुनी बंदी उठवली आणि ‘एच-वन’ हे नाव प्रथम जन्माला आले. असामान्य गुणवत्तेचा माणूस, तात्पुरत्या कामासाठी, तात्पुरता येणार, अशी त्यावेळची व्याख्या. १९७० मध्ये कामही तात्पुरतेच असावे ही अट गेली. १९९० मध्ये थोरल्या बुश यांच्या सहीने झालेल्या कायद्याने ‘एच-वन-बी’ आजच्या रूपात आला. असामान्य गुणवत्तेऐवजी ‘विशेष ज्ञानाचे काम’, म्हणजे साधारणतः त्या विषयातली पदवी लागणारे काम, ही कसोटी आली. वर्षाला ६५,००० ही मर्यादाही तेव्हाच घातली गेली. शिवाय एक महत्त्वाची सवलत मिळाली. तात्पुरत्या परवान्यावर असतानाही कायम राहण्याची इच्छा धरायला हरकत नाही, असे कायद्याने मान्य केले. ‘दोन वर्षांत परत येतो’ म्हणून गेलेली माणसे वीस वर्षे का राहिली, याचे एक उत्तर या सवलतीत आहे.

त्याआधीची पिढी वेगळ्या वाटेने गेली होती. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय वर्णभेदी कोटे मोडले, त्यानंतर गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांपैकी अनेक जण थेट ग्रीन कार्ड घेऊनच उतरले. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये उभे राहिले ते मुख्यतः याच स्थिरावलेल्या पिढीच्या बळावर. एच-वनवर गेलेली पिढी त्यांच्याच गणपतीत आणि मराठी शाळांत सामील झाली. पण दोघांच्या पायाखालची जमीन सारखी नव्हती. एकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या नावावर होता, दुसऱ्याचा कंपनीच्या.

चार वचने

मालकाला माणूस आणायचा तर आधी अमेरिकी कामगार खात्याकडे एक हमीपत्र दाखल करावे लागते. त्यात चार वचने असतात. पहिले वेतनाचे. त्याच कामासाठी कंपनी इतरांना जे देते ते, किंवा त्या भागात त्या कामाचे जे प्रचलित वेतन असेल ते, यांपैकी जे जास्त असेल ते द्यायचे. दुसरे, या नेमणुकीमुळे तिथल्या इतर कामगारांच्या कामाच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होणार नाही. तिसरे, त्या जागी संप किंवा टाळेबंदी चालू नाही. चौथे, कामगारांना वा त्यांच्या संघटनेला या नेमणुकीची सूचना दिली आहे. ही सूचना कामाच्या ठिकाणी ठळक दिसेल अशी लावली जाते. कोणत्या पदासाठी किती पगारावर परदेशी माणूस येतो आहे, हे शेजारच्या टेबलावरच्याला वाचता यावे, हा हेतू.

यात एक गोष्ट नाही, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘आम्ही शोधले, पण इथे कोणी मिळाले नाही’ हे सिद्ध करण्याची अट एच-वन-बीसाठी सरसकट नाही. ती आहे फक्त ज्यांच्या मनुष्यबळात एच-वन-बी धारकांचे प्रमाण फार आहे अशा कंपन्यांना. पन्नासहून अधिक नोकर असलेल्या कंपनीसाठी हे प्रमाण १५ टक्के आहे. कायदा मोडल्याचे सिद्ध झालेल्या कंपन्यांनाही ही अट लागते. त्यातही पळवाट आहे. माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर पगार दिला, किंवा त्याच्याकडे संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी असली, की ही जादा अट गळून पडते. हा ६०,००० चा आकडा १९९८ मध्ये ठरला आणि तेव्हापासून तो तिथेच आहे. महागाई वाढली, पगार वाढले, आकडा मात्र हलला नाही.

कामगार खात्याने हे हमीपत्र सात कामकाजी दिवसांत निकालात काढायचे असते. फॉर्म पूर्ण भरला आहे का, उघड चूक नाही ना, इतकेच बघायचे. खोलात जाऊन तपास होतो तो नंतर, तक्रार आली तर. म्हणजे वचनांचा पहारा तक्रारीवर अवलंबून आहे. आणि तक्रार करायची कोणी? ज्याचा परवाना त्याच मालकाच्या हाती आहे, त्याने.

वेतनाच्या वचनातही खाच आहे. प्रचलित वेतनाच्या चार पातळ्या आहेत, अगदी नवख्यापासून अनुभवी तज्ज्ञापर्यंत. त्या भागातल्या त्या कामाचे पगार चढत्या क्रमाने मांडले, तर पहिली पातळी साधारण सतराव्या शतमकावर येते आणि दुसरी चौतिसाव्या. म्हणजे कायद्याने नेमून दिलेल्या चारांपैकी दोन पातळ्या मुळातच मध्यापेक्षा खालच्या. कामाचे वर्णन ‘नवख्यासाठी’ असे लिहिले की पगार कायदेशीररीत्या कमी राहतो. अमेरिकी कामगारांचा राग इथून सुरू होतो, आणि तो निराधार नाही. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या कार्यालयातून सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना काढले गेले आणि त्यांतल्या काहींना जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्या परदेशी माणसांना काम शिकवावे लागले, ही बातमी २०१५ मध्ये गाजली. त्या शिकवणाऱ्यांचा राग समोर बसलेल्या शिकणाऱ्यावर निघाला तर नवल नाही. पण कामाचे वर्णन आणि पगाराची पातळी त्या शिकणाऱ्याने ठरवलेली नव्हती.

मालकाला काय करता येत नाही

कायदा दुबळा आहे, पण पोकळ नाही. त्यातली काही कलमे आपल्या घरांत माहीत असायला हवीत.

एच-वन-बीच्या अर्जासोबत मालकाला जे प्रशिक्षण शुल्क भरावे लागते (मोठ्या कंपनीला १,५०० डॉलर, पंचवीसपर्यंत नोकर असलेल्या कंपनीला ७५०) ते नोकराकडून वसूल करता येत नाही. त्या पैशांतून अमेरिकी कामगारांचे प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्या चालाव्यात, अशी योजना आहे. अर्ज हा मालकाचा व्यवसायखर्च मानला जातो, त्यामुळे वकिलाची फी पगारातून कापून पगार हमी दिलेल्या वेतनाखाली नेता येत नाही.

काम नाही म्हणून पगार नाही, हे चालत नाही. पहिल्या प्रकल्पाची वाट बघत चार-चार माणसे एका ‘गेस्ट हाउस’मध्ये बिनपगारी बसली आहेत, हा प्रकार वाय-टू-केच्या काळात गेलेल्या अनेकांना आठवत असेल. त्याला ‘बेंचवर बसवणे’ म्हणत. १९९८ च्या दुरुस्तीने त्याला स्पष्ट मनाई केली. काम मालकाकडे नसेल तर तो मालकाचा प्रश्न, पगार चालूच राहिला पाहिजे.

मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड लावता येत नाही. खऱ्या नुकसानीपोटी आधी ठरलेली वाजवी भरपाई काही राज्यांत मागता येते, पण दंड आणि भरपाई यांतला फरक करारावर सही करण्याआधी वकिलाकडून समजून घ्यावा. मालकाने मुदतीआधी काढले, तर मायदेशी परतण्याच्या प्रवासाचा वाजवी खर्च त्याने देऊ केला पाहिजे. तो फक्त नोकराचा. बायको-मुलांच्या तिकिटांबद्दल कायदा गप्प आहे.

आणि सर्वांत उपयोगी कलम असे की हमीपत्राची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत नोकराला दिलीच पाहिजे. शिवाय वेतनाचा तपशील असलेली एक फाइल कोणीही मागितली तरी दाखवावी लागते. कागद मागणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडच्या मुलांना वाटते. म्हणून ती मागत नाहीत.

सोडत

अर्ज पासष्ट हजारांहून फार जास्त येतात. डॉट कॉमच्या भरात ही मर्यादा आधी १,१५,००० आणि मग तीन वर्षे १,९५,००० पर्यंत गेली. २००४ मध्ये ती पुन्हा ६५,००० वर आली आणि अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या मिळाल्या. विद्यापीठांना आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांना ही मर्यादा नाही.

मागणी आणि जागा यांचा मेळ घालायला सरकारने निवडलेला मार्ग म्हणजे सोडत. २०२० पासून कंपनीने मार्चमध्ये नाव नोंदवायचे आणि नाव निघाले तरच पूर्ण अर्ज करायचा, अशी पद्धत आली. नोंदणीला शुल्क होते दहा डॉलर. साहजिकच एकाच माणसाचे नाव तीन-चार कंपन्यांकडून नोंदवण्याचा उद्योग सुरू झाला. आर्थिक वर्ष २०२४ साठी पात्र नोंदण्या साडेसात लाखांच्या वर गेल्या. पुढच्या वर्षी सरकारने नोंदणी पासपोर्टाशी जोडली. कितीही कंपन्यांनी नाव टाकले तरी माणसाची चिठ्ठी एकच. नोंदण्या ४ लाख ७० हजारांवर उतरल्या. त्याच्या पुढच्या वर्षी शुल्क २१५ डॉलर झाले आणि आकडा ३ लाख ४४ हजारांच्या आसपास आला. नियमातला एक छोटा बदल आकड्यातली किती हवा काढू शकतो, याचा हा धडा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सोडतीत पगाराच्या पातळीला वजन देण्याचा प्रस्ताव मांडला होता. चौथ्या पातळीच्या माणसाची चिठ्ठी चार वेळा टाकायची, पहिल्याची एकदा. खालच्या पातळ्यांवर स्वस्तात माणसे आणण्याच्या प्रकाराला यामुळे आळा बसेल, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या आपल्या मुलांची शक्यता त्याने घटते, हेही तितकेच खरे.

रविवारच्या जाहिराती

एच-वन-बी एकूण सहा वर्षांचा. पुढे राहायचे तर ग्रीन कार्ड, आणि त्याचाही अर्जदार बहुधा मालकच. इथे मात्र ‘इथे मिळत नसेल तर’ ही १८८५ ची अट पूर्ण ताकदीने येते. तुम्ही पाच वर्षे करत असलेली नोकरी रिकामी आहे असे समजून कंपनीने तिची जाहिरात द्यायची. वृत्तपत्राच्या दोन रविवारच्या अंकांत छापील जाहिरात, राज्याच्या रोजगार कार्यालयात तीस दिवस नोंद, शिवाय आणखी तीन मार्ग. योग्य, पात्र आणि तयार अमेरिकी माणूस आला, तर अर्ज तिथेच थांबतो.

कंपनीला तो माणूस यायलाच नको असतो, हे उघड आहे. फेसबुकने अशा पदांसाठी अर्ज टपालाने मागवले आणि नेहमीच्या संकेतस्थळावर जाहिरात दिली नाही, असा आरोप अमेरिकी न्याय खात्याने केला. २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. २०२३ मध्ये तशाच आरोपावरून ॲपलने अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. जगाला ऑनलाइन आणणाऱ्या कंपन्या पोस्टाने अर्ज मागवतात, यात विनोद आहेच. पण ज्या कर्मचाऱ्याचे घर, मुलांची शाळा आणि कर्ज त्या अर्जावर उभे असते, त्याला त्यावर हसणे जमत नाही. आपली जागा कोणाला मिळू नये म्हणून कंपनीने खटपट करावी, अशी इच्छा धरण्याची वेळ प्रामाणिक माणसावर येते.

रांग

हे सर्व पार पडले, की रांग. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यांत बायको-मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सुमारे सात टक्केच, मग देश भारत असो की आइसलँड. परिणामी ऑक्टोबर २०२५ मध्ये पदव्युत्तर श्रेणीतल्या भारतीयांसाठी जी तारीख चालू होती ती २०१३ सालची होती. बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्याचा नंबर आत्ता येतो आहे. रांग वर्षाला एक वर्ष पुढे सरकत नाही, त्यामुळे आज उभा राहणारा माणूस किती वर्षे उभा राहील याचा हिशेब साध्या त्रैराशिकाने होत नाही.

ग्रीन कार्डाचा मालकाचा अर्ज मंजूर झाला की रांगेत असेपर्यंत एच-वन-बी तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. जोडीदाराला, म्हणजे बहुधा बायकोला, नोकरी करण्याची परवानगी २०१५ पासून मिळू लागली, तीही नवऱ्याचा हा अर्ज मंजूर झाल्यावरच. त्याआधी आपल्याकडच्या किती इंजिनिअर, दंतवैद्य, वास्तुविशारद मुली घरी बसल्या, ते त्यांच्या आयांना विचारावे. मुलांची गोष्ट अधिक अवघड. दोन वर्षांचे असताना गेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले आणि रांग सरली नाही, की ते कायद्याने ‘मूल’ राहत नाही. काही दिवसांची सूट मोजून मिळते, पण ती संपली की त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. त्याला जो देश ‘परदेश’ वाटतो, तो आपला.

साठ दिवस

नोकरी गेली तर काय? २०१७ पर्यंत याचे उत्तर कोरडे होते. नोकरी संपली की राहण्याचा हक्क संपला. जानेवारी २०१७ पासून जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज करायचा, किंवा वेगळ्या परवान्यात जायचे, किंवा सामान बांधायचे. घर विकणे, गाडी विकणे, मुलांचे शाळेचे वर्ष, गरोदर बायकोचा विमा, हे सगळे साठ दिवसांत.

इथे २००० सालच्या एका सुधारणेचे श्रेय दिले पाहिजे. तेव्हापासून नव्या मालकाने अर्ज दाखल करताच त्याच्याकडे काम सुरू करता येते, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. मालक बदलण्याचे हे स्वातंत्र्य खरे आहे. पण ग्रीन कार्डाच्या वाटेवरच्या माणसाला नवीन मालकाकडे जाहिरातींपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. रांगेतली जुनी तारीख बहुधा टिकते, खटपट मात्र नव्याने. म्हणून माणसे बढती नाकारतात, शहर बदलत नाहीत, वाईट वरिष्ठाखाली वर्षानुवर्षे काढतात. मालक वाईटच असायला हवा असे नाही. चांगल्या मालकाच्या हातातही दोरी राहतेच.

कफील आणि स्पॉन्सर

कोकणात ही दोरी जुनी ओळखीची आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्या माणसाच्या तोंडी ‘कफील’ हा शब्द असतो. कफील म्हणजे जामीनदार. आखाती देशांत परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना या जामीनदाराला बांधलेला. अनेक देशांत नोकरी बदलायला, काही ठिकाणी देश सोडायलाही त्याची परवानगी लागे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र काढून टाकले. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये काही सुधारणा केल्या, पण घरकामगार त्यांतून वगळले. आपल्या सरकारचे १९८३ चे स्थलांतर अधिनियम, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावरची नोंद, मालकाची ‘ई-मायग्रेट’वरची नोंदणी, एजंटाच्या फीवरची तीस हजारांची मर्यादा, ही सगळी यंत्रणा या कामगारांसाठी आहे.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना ‘स्पॉन्सर लायसन्स’ म्हणून येते. परवाना कंपनीने काढायचा, माणूस दहा कामकाजी दिवस न सांगता गैरहजर राहिला तर सरकारला कळवायचे. मालकच सरकारचा टेहळणीदार. २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्या कामगारांना तिथे दार उघडले. काही मालकांनी नसलेल्या नोकऱ्यांची प्रमाणपत्रे काढली. त्यांचे परवाने सरकारने रद्द केले आणि त्याबरोबर काही गुन्हा नसलेल्या कामगारांचा आधारही गेला. त्यांनाही दुसरा मालक शोधायला साधारण साठच दिवस. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या सेवककर्मींना घेणे बंद झाले.

पासपोर्टावर नोंद असलेला वेल्डर आणि बाणेरचा सॉफ्टवेअर इंजिनिअर एका रांगेत बसवले, तर इंजिनिअरला ते आवडणार नाही. दोघांच्या पगारात, राहणीत आणि दाद मागण्याच्या सोयीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो पुसून टाकू नये. पण दोघांच्या राहण्याच्या हक्कावर तिसऱ्याची सही आहे. त्या सहीचे नाव एकीकडे कफील, दुसरीकडे स्पॉन्सर.

एक लाख डॉलर

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकी अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट घातली. ती २१ तारखेपासून लागू होणार होती. भारतात सुट्टीवर आलेल्या माणसांनी त्या शनिवार-रविवारी मिळेल त्या विमानाने परतायची धडपड केली. नंतर खुलासा झाला की ही रक्कम एकदाच, फक्त नव्या अर्जांवर, आधीच परवाना असलेल्यांना नाही. पण दोन दिवसांची ती धावपळ बरेच काही सांगून गेली. दहा-पंधरा वर्षे तिथे कर भरणाऱ्या माणसाला आपण नेमके कशावर उभे आहोत, हे शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर विचारावे लागले.

१८८५ मध्ये माणसामागे हजार डॉलर दंड होता आणि तो मालकाला होता. आता माणसामागे एक लाख, तेही मालकालाच. दीडशे वर्षांत मालकाने माणूस आणावा की आणू नये, आणला तर काय किंमत मोजावी, हा वाद सरकार, मालक आणि तिथल्या कामगार संघटना यांच्यातच चालला. आलेल्या माणसाला त्यात पक्षकार म्हणून कधी बोलावले गेले नाही. असामान्य कर्तृत्व किंवा राष्ट्रहिताचे काम दाखवून स्वतःच ग्रीन कार्डाचा अर्ज करण्याची सोय आहे, पण ती मोजक्यांसाठी.

काही ठराविक वर्षे काम केल्यावर परवाना मालकाकडून माणसाच्या नावे व्हावा, एवढी एक सुधारणा झाली तर वचनांचा पहाराही आपोआप कडक होईल. जाऊ शकणाऱ्या माणसाला वाईट पगारावर ठेवता येत नाही, आणि मग तिथल्या कामगाराचे वेतनही पाडता येत नाही. दोघांचे हित इथे एकच आहे, एरवी दोघे एकमेकांविरुद्ध उभे केलेले दिसले तरी. तोवर आपल्या घरातून जाणाऱ्याला पेढ्यांबरोबर एवढे विचारावे: हमीपत्राची प्रत मिळाली का? पातळी कोणती लिहिली आहे? नोकरी सोडल्यास काय, हे करारात वाचले का? ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनी कधी करणार, ते लेखी आहे का? अर्जदार कोणीही असो, हे कागद लाभार्थ्यानेच सांभाळून ठेवायचे आहेत.